आमच्या मागीलदारावरून ड्रोन गेला. दाद कुणाकडे मागायची?

रातांबा (धागाकर्ती), शनिवार सकाळ

एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर 'करून बघते' एवढंच लिहिणारी. पण दोन आठवडे डोक्यात एकच भुंगा आहे, म्हणून हा धागा.

माहेर गुहागर तालुक्यात. घर पाणंदीपासून बरंच आत, भोवती गडगा, पुढे खळं (अंगण), मागे न्हाणीघर, डोण (पाणी साठवायची दगडी कुंडी), विहीर आणि मग पोफळी. रस्त्याने जाणाऱ्याला आमचं कौलसुद्धा दिसत नाही. यंदा पाऊस लांबल्यामुळे खळं चोपून झालं होतं, पण मांडव घालायचा राहिला होता. त्या दिवशी दहाच्या सुमारास आजी (वय ८६) डोणीपाशी पाटावर बसली होती आणि आई तिला न्हाऊ घालत होती. आजीला न्हाणीघरातल्या ओल्या फरशीची धास्ती आहे, म्हणून आठवड्यातून एकदा हे न्हाणं उन्हात, मागीलदारी होतं. तेवढ्यात माडांवरून घूंघूं करत ड्रोन आला. गेला, परत आला, असा तीनदा. आईला वाटलं वीजमंडळाचं काहीतरी काम असेल.

आठवड्याने मामेभावाने एक रील पाठवलं. 'समुद्रापासून सात मिनिटं, एनए प्लॉट, गुंठ्याचे भाव विचारा.' सुरुवातच आमच्या वाडीवरून. चार सेकंद आमचं मागीलदार. केस मोकळे सोडून, ओल्या लुगड्यात बसलेली आजी, तांब्या धरलेली आई. प्लॉट डोंगराच्या पलीकडे आहेत, आमचा त्यांच्याशी काडीचा संबंध नाही. आमचं घर नुसतं 'कोकण फील' यावा म्हणून.

मी खालच्या नंबरवर फोन केला. गृहस्थ अगदी गोड बोलले. "ताई, लोक असं शूट करून घ्यायला पैसे मोजतात, तुमचं फुकटात झालं." मी आवाज चढवल्यावर म्हणाले, "आम्ही तुमच्या जमिनीवर पाय तरी ठेवला का? वरची हवा काय तुमच्या सातबाऱ्यावर आहे?"

मला उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सुचतंय का? कायद्याचंही सांगा आणि कायदा बाजूला ठेवूनही सांगा.

काडीपेटी

उपग्रह रोज सगळ्यांच्या डोक्यावरून जातात, तेव्हा कुणी धागा काढत नाही. उघड्यावर बसलं की दिसणारच. चार सेकंदांसाठी एवढा त्रागा?

रातांबा

उघड्यावर नाही, मागीलदारी. उपग्रहाच्या चित्रात आमचं घर म्हणजे एक तांबडा चौकोन दिसतो. त्या चौकोनाला आजीचे पांढरे केस नसतात.

पावभाजी_प्रेमी

वाचतेय. रुमाल टाकून ठेवते.

गिंबलनाना

मी कराडचा. लग्नं, वास्तुशांती, यात्रा, बैलगाडा शर्यती, सगळीकडे ड्रोन उडवतो. म्हणजे या धाग्यावर आरोपीच्या पिंजऱ्यात मीच, तेव्हा आधी कबुलीजबाब देतो.

बारक्या ड्रोनची लेन्स साधारण २४ मिमीची असते, म्हणजे रुंद. १०० मीटरवरून सरळ खाली बघितलं तर फ्रेममध्ये दीडशे मीटरचा पट्टा मावतो. फोर-के चित्रात आडवे ३८४० ठिपके. हिशोब करा, एका ठिपक्यात जमिनीचे चार सेंटिमीटर जातात. माणसाचं तोंड चार ठिपक्यांत संपलं. तिथून बाई का बाप्या हेसुद्धा कळायची मारामार. रीलमध्ये ताईंची आजी ओळखू आली, याचा अर्थ तो ड्रोन माडाच्या शेंड्याला घासून, फार तर १५-२० मीटरवरून गेला. चुकून नाही गेला. असा शॉट मुद्दाम घेतात. झापांतून वर उठायचं आणि एकदम समुद्र दाखवायचा. गिऱ्हाईक त्यावरच भाळतं. तीन फेऱ्या म्हणजे दोन टेक फसले होते. पहिल्या फेरीलाच खाली माणसं आहेत हे त्याला स्क्रीनवर दिसलं होतं, पुढच्या दोन्ही वेळा त्याने ते माहीत असून उडवलं.

आता उलट बाजू. १६२ मिमीची लेन्स लावलेले ड्रोनही बाजारात आहेत. ती लेन्स १०० मीटरवरून तेच दाखवते जे साधी लेन्स १५ मीटरवरून दाखवेल. आवाज खाली फारसा येत नाही, नुसत्या डोळ्याला ठिपका दिसला तर दिसला. नियमांत वजन मोजतात, उंची मोजतात, विमानतळापासूनचं अंतर मोजतात. लेन्स कोण मोजत नाही. काडीपेटीराव, आजीला तुमच्या उपग्रहापेक्षा ही लेन्स जड आहे.

माझा रिवाज सांगतो. गावात लग्न असलं की आदल्या दिवशी मांडवाच्या आसपासच्या चार घरांत सांगून येतो, उद्या अकराला वरून फिरणार आहे. वाड्यातल्या बायका गच्चीवरची वाळवणं नाही काढत, पण स्वतः खाली जातात. एकदा एक काकू म्हणाल्या, उडव, पण आमच्या कुरडया चांगल्या आल्या पाहिजेत फोटोत.

अवांतर: सगळ्यात कडक विरोध घारीचा. विणीच्या दिवसांत झाडाजवळ गेलात तर कायदा न विचारता झडप घालते. माझे दोन पंखे तिने नेलेत.

वकालतनामा

नाना, प्रतिसाद आवडला. 'लेन्स कोण मोजत नाही' हे मी आमच्या बाररूममध्ये खपवणार.

रातांबा, त्या गृहस्थांच्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच जणांनी देऊन ठेवलंय. 'जमीन ज्याची, आभाळही त्याचं' हे जुनं तत्त्व विमानं आली तेव्हाच कोलमडलं. आपल्याकडे १९३४ च्या विमान कायद्यात स्पष्ट होतं की वारा, हवामान आणि परिस्थिती पाहता वाजवी उंचीवरून विमान गेलं, तर नुसतं वरून गेलं म्हणून दावा लावता येणार नाही. पण शब्द 'वाजवी उंची' असे आहेत. कितीही खालून चालेल असं कुणी म्हटलेलं नाही.

अमेरिकेतला १९४६ चा एक निकाल मजेशीर आहे. नॉर्थ कॅरोलिनात एक कोंबड्या पाळणारा होता. शेजारच्या धावपट्टीवर उतरणारी लष्करी विमानं त्याच्या जागेवरून ८३ फुटांवरून जायची. आवाजाला बिचकून भिंतींवर आपटून दीडशेएक कोंबड्या मेल्या. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, आभाळापर्यंत मालकी हे आजच्या जगात चालायचं नाही, पण जमीन उपभोगायला जेवढी वरची जागा लागते तेवढी मालकाचीच. माडाच्या शेंड्याइतकी हवा त्यात नक्की बसते. हा निकाल आपल्यावर बंधनकारक नाही, पण फोनवर ऐकवायला झकास आहे.

इंग्लंडमध्ये ग्रॅनडा टेलिव्हिजनचे संस्थापक लॉर्ड बर्नस्टाइन यांच्या घराचा हवाई फोटो काढून एका कंपनीने तो त्यांनाच विकायला आणला. ते चिडून कोर्टात गेले आणि हरले. शेकडो फुटांवरून एक फोटो, त्यात अतिक्रमण नाही, असं न्यायमूर्ती ग्रिफिथ्स म्हणाले. मात्र कुणी वरून सतत पाळत ठेवून घरातल्या हालचाली टिपत राहिला तर तो उपद्रव ठरेल आणि दाद मागता येईल, असंही नोंदवून ठेवलं.

आता आपलं घर. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं ती तारीख २४ ऑगस्ट २०१७. आणि ड्रोन नियम निघाले २५ ऑगस्ट २०२१ ला. चार वर्षं आणि एक दिवस. त्याआधीच्या, मार्च २०२१ मधल्या नियमांत चित्रण करताना व्यक्तीच्या आणि मालमत्तेच्या खाजगीपणाची काळजी घ्या असं वाक्य होतं. ऑगस्टमध्ये 'सुटसुटीत' करताना ते गळलं. उद्योगाला कागदपत्रांच्या जाचातून सोडवणं ठीक होतं, पण ते एक वाक्य कुणाला जाचत होतं, देव जाणे. शिवाय २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला उडवणाऱ्याचा परवाना लागत नाही, धंद्यासाठी उडवला तरी. तुमच्या प्लॉटवाल्याचा बहुतेक २४९ ग्रॅमचाच असणार.

फौजदारी बाजूला, भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ चोरून पाहण्याबद्दल आहे. पण त्यातली 'खाजगी कृती'ची व्याख्या अरुंद आहे. लुगडं नेसून न्हाणारी आजी तिच्यात बसवायची म्हणजे कोर्टात वाद होणार. २०२३ चा विदा (डेटा) संरक्षण कायदा घरगुती, वैयक्तिक वापराला लागू नाही. इथे मात्र जाहिरात आहे, ते विसरू नका. आज मी काय करीन? रीलची प्रत तारखेसह जपून ठेवीन, लेखी नोटीस पाठवून चित्रण काढायला आणि मूळ फाइल पुसायला सांगीन, आणि पोलिस ठाण्यात अर्ज देऊन पोच घेईन.

शेवटचं, माझं लाडकं. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात एक उदाहरण दिलंय. ज्या गावात तशी रूढी आहे तिथे शेजाऱ्याच्या घरातला आडोशाचा भाग दिसेल अशी नवी खिडकी उघडता येत नाही. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी खिडकीचा विचार करून ठेवला होता. ही उडती खिडकी आहे, एवढंच.

काडीपेटी

कोंबड्या मेल्या म्हणून सर्वोच्च न्यायालय. आमच्याकडे माणसं मेली तरी तारीख मिळत नाही.

गोदाकाठ

तुम्ही लोक आजीच्या फोटोवर बोलताय. आमच्याकडं २०२४ च्या जून-जुलैत काय झालं ते आठवा. बीड, जालना, संभाजीनगर, धाराशिव, तिकडं पुण्याच्या शिरूर-दौंडकडंही. रात्री नऊ-दहा वाजले की आभाळात लाल-हिरवे दिवे फिरायचे. कुणाचे, कशासाठी, कुणालाच माहीत नाही. चोर आधी घरं हेरून जातात असं पसरलं. आमच्या गावात महिनाभर पाळीनं गस्त घातली. काठ्या, बॅटऱ्या, शिट्ट्या. लेकरं अंगणात बाजेवर झोपायची बंद झाली. उकाडा इतका की जीव जायचा, पण दारं लावून आत.

खरे ड्रोन किती, विमानाचे दिवे किती आणि मनाचे खेळ किती, हे आजही सांगता येणार नाही मला. मी स्वतः दोनदा बघितला, तो मात्र विमान नव्हता. एका जागी थांबत होता. त्यात अंतरवाली सराटीत मनोज जरांगे राहतात त्या घरावर ड्रोन दिसल्याची बातमी आली, मग तर प्रत्येकाचा संशय आणखी पक्का. एका रात्री नात्यातल्या मयताला जाऊन परत येणाऱ्या दोघा परगावच्या पोरांना आमच्याच लोकांनी अडवलं. मीही त्या घोळक्यात होतो. त्यांची गाडी, खिसे, मोबाईल तपासले. एकाला दोन थापडा बसल्या. पोरगं रडत होतं. ते अजून डोळ्यापुढून जात नाही.

चोर सापडला नाही. पण वर कोण आहे ते कळत नसलं की खालची माणसं एकमेकांकडं कशी बघायला लागतात, ते बघितलं.

बाविसावा_मजला

गोदाकाठ, अंगावर आलं वाचून.

आमच्याकडे मुंबईत पोलिसांचे ड्रोनबंदीचे आदेश सारखे निघत असतात, तरी रविवारी सकाळी कुणीतरी बाल्कनीसमोर येतंच. उंच मजल्यावर पडदे लावायची सवयच नसते हो. समोर नुसतं आभाळ, आभाळाला कसला पडदा?

नोव्हेंबर २०२५ मधलं 'मातोश्री'चं प्रकरण आठवतंय का? कलानगरात ड्रोन दिसला, आदित्य ठाकऱ्यांनी विचारलं की हे कसलं सर्वेक्षण, रहिवाशांना का नाही सांगितलं. मग एमएमआरडीएने खुलासा केला की पॉड टॅक्सीसाठी सर्वेक्षण चालू होतं आणि पोलिसांची परवानगी होती. राजकारण सोडून देऊ (कृपया!). पण परवानगी देणारे वेगळे, उडवणारे वेगळे आणि ज्यांच्या खिडकीबाहेर ते आलं ते तिसरेच. तिसऱ्यांना शेवटी कळलं. माजी मुख्यमंत्र्यांच्या घराची ही कथा, तर रातांबाच्या आईने वीजमंडळ समजणं साहजिकच.

साखळी_कडी

मी भूमी अभिलेखमधून निवृत्त झालो. आयुष्य साखळीने, टेबलाने मोजणी करण्यात गेलं, शेवटची दोन वर्षं ड्रोन पाहिला. गावठाण मोजणीचा आपल्या राज्यातला पहिला प्रयोग पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाला, पुढे एप्रिल २०२० मध्ये केंद्राची स्वामित्व योजना आली. गावठाणातल्या घरांना सातबारा नसतो, त्यामुळे मालमत्ता पत्रिका मिळणं ही मोठीच गोष्ट होती.

तेव्हा काय करायचो सांगतो. आधी ग्रामसभा. मग दवंडी किंवा रिक्षावर भोंगा. मग प्रत्येकाने आपापल्या घराची हद्द दाखवायची आणि त्यावर चुन्याची फक्की मारायची, कारण ड्रोनला हद्द दिसत नाही, पांढरी रेघ दिसते. तो चुना मारताना जी भांडणं उकरून निघायची! दोन वितीसाठी सख्खे भाऊ हातघाईवर. पण त्यामुळे ड्रोन उडायच्या दिवशी अख्ख्या गावाला ठाऊक असायचं की तो कुणाचा आहे, किती वाजता येणार, कशाचा फोटो काढणार. म्हाताऱ्या बायका ओसरीवर येऊन हात करायच्या.

गोदाकाठांच्या गावात आणि आमच्या मोजणीत यंत्र जवळपास तेच. फरक दवंडीचा.

नदीवेडा

एक गैरसोयीचा मुद्दा मांडतो. इथे सगळे 'मालकाची परवानगी' म्हणत निघालेत. आमच्या नदीत रात्री पोकलेन लावून वाळू उपसतात. पात्राकडे जाणारी वाट ज्याच्या शेतातून जाते तोच त्यातला भागीदार. पायी गेलात तर परत याल की नाही सांगता येत नाही. ड्रोनच्या चित्रणानेच तहसीलदारांपुढे खड्डे दाखवता आले. उद्या मालकाला विचारल्याशिवाय उडवायचं नाही असा कायदा झाला तर सगळ्यात आधी पेढे वाटेल तो वाळूवाला.

वकालतनामा

मुद्दा बिनतोड आहे. म्हणूनच सरसकट 'वरून जायचं नाही' असं मी म्हणणार नाही. तुम्ही पोकलेन टिपता, त्याच्या घरातली माणसं नाही. पण तुमच्या फ्रेममध्ये पलीकडच्या घाटावर धुणं धुणाऱ्या बायका आल्या तर त्या कापता का?

नदीवेडा

खरं सांगू? आजवर नाही कापल्या. सुचलंच नाही. जुन्या फाइली काढतो.

ऱ्हाइनकाठची_मैना

जर्मनीत अकरा वर्षं. इथे राहत्या घराच्या आवारावरून कॅमेऱ्याचा ड्रोन न्यायचा तर रहिवाशाची संमती लागते. १०० मीटरच्या वरून सूट मिळू शकते, पण तिला अटींची शेपटी: दुसरा मार्ग नसावा, शक्य असेल तर लोकांना कळवावं, रात्री दहा ते सकाळी सहा विशेष बंधनं. ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला असला तरी कॅमेरा असेल तर चालवणाऱ्याची नोंदणी आणि त्याचा क्रमांक ड्रोनवर. विमाही सक्तीचा.

सगळं कसं आखीव! आणि तरीही आमच्या शेजारच्या आजोबांनी नातवाचा ड्रोन बागेतल्या पाण्याच्या नळीने पाडलाच. मग दोन्ही घरांत वर्षभर अबोला.

गोदाकाठ

आमच्याकडं गोफण आहे.

गिंबलनाना

नका पाडू हो. खाली कोण असतंय ते बघा. शिवाय बॅटरी फुटली तर पेट घेते, तुमच्याच कडब्याच्या गंजीवर पडली तर? आणि पाडला की तक्रारदार तो आणि आरोपी तुम्ही. ड्रोनवरचा आकडा दिसला तर वाचा, वेळ लिहा, दिशा बघा. बारका ड्रोन वीस-पंचवीस मिनिटांत बॅटरीसाठी परततोच. जिथं उतरेल तिथं माणूस उभा असतो. त्याच्याशी बोला. आमच्यातले निम्मे तर समोर कुणी आलं की घाबरतात.

काडीपेटी

बरं, चिडवणं बाजूला ठेवतो. माझा मुद्दा एवढाच होता की सोसायटीत, नाक्यावर, दुकानात, लिफ्टमध्ये सगळीकडे कॅमेरे आहेत. ते गिळलं आपण. मग ड्रोनलाच का अडलं?

बाविसावा_मजला

नाक्यावरचा कॅमेरा कुठे आहे ते माहीत असतं. लिफ्टमध्ये मी पाय पसरून बसत नाही. घरी बसते.

रातांबा (धागाकर्ती), नऊ दिवसांनी

सगळ्यांचे आभार. वकालतनामा, तुम्ही सुचवल्यासारखी लेखी नोटीस पाठवली. तिसऱ्या दिवशी रील गेलं. फोन आला, "ताई, तुम्ही फार मनाला लावून घेतलंत." कोंबड्यांची गोष्ट ऐकवायचा मोह आवरला. पण तोवर ते किती व्हॉट्सॅप गटांत फिरलं होतं याला गणती नाही, कारण काल दुपारी आईच्या दारात पुण्याच्या पासिंगची गाडी. नवरा-बायको, पन्नाशीचे, बोलायला चांगले. आईने बसा म्हटलं, सरबत दिलं. मग बाई सहज म्हणाल्या, "मागची विहीर बारमाही आहे का हो? व्हिडिओत पाणी बरंच वर दिसलं. आणि ते मागचं दार थेट पोफळीत उघडतं ना?"

आई सांगत होती, घर विकायचं नाही एवढंच तिने सांगितलं, पण ते गेल्यावर आधी जाऊन मागच्या दाराला नवी कडी लावून घेतली. इतकी वर्षं तिथे सुंभाचा फास होता.

आजी आतून सगळं ऐकत होती. गाडी वळल्यावर म्हणाली, "माझं न्हाणं बघून आले ना, मग येताना शिकेकाई तरी आणायची."

पुढचा मांडव झालाच होता. आता आईने मागीलदारीसुद्धा घातलाय, डोणीच्या वर, झापांचा. असा तिथे कधीच नव्हता. आता आजी कुरकुरतेय की ऊन लागत नाही, पाणी लगेच गार होतं.

गिंबलनाना

ताई, दक्षिणेच्या बाजूची दोन झापं काढा. या दिवसांत ऊन तिकडनं तिरपं येतं, आजींच्या पाटावर बरोबर पडेल. सरळ वरनं बघणाऱ्याला नुसती झापंच दिसतील.